सगळ्यात शेवटी बंद करायचं ते

मी, लंकाबाई कुंडलिक घोलप, वय ७१, जुनी मॅट्रिक, राहणार डिंभे, तालुका आंबेगाव, भीमाशंकराला स्मरून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ‘म्हातारीला भ्रम झालता’ असं म्हणायची सोय मुलगा गोरख याला राहू नये.

१. धरणाच्या कडेचं घर मला माझ्या वडिलांनी बक्षीसपत्राने दिलं. ते मुलगी हर्षाली हिला, एकटीला. शेतजमिनीचा हक्क गोरखने तिच्याकडून साडी-चोळीवर सोडवून घेतला. घराला ते चालणार नाही.

२. हर्षाली परदेशात एका जुन्या अंतराळयानाची वीज सांभाळते. यान तिच्या जन्माआधी सोडलेलं, सूर्यापासून फार लांब गेलेलं. वीज दरवर्षी घटते, म्हणून कॅमेरा बंद, एकेक हीटर बंद, असं पुरवून वापरतात. गोरख हसला, “म्हंजी दिवं मालवायचं काम! त्यासाठी एवढी शिकलीस व्हय?” ती म्हणाली, “दादा, आधी काय मालवायचं ते कळावं लागतं. घराशी बोलायचा रेडिओ सगळ्यात शेवटी. तो गेला की यान असून नसल्यासारखं.”

३. गेल्या माघात मी अंथरूण धरलं. बिल वाढतं म्हणून गोरखने गिझर बंद केला. गार पाण्याने अंग पुसून घेतलं. काटकसर मीच शिकवली होती. टीव्ही नेला, कीर्तन गेलं, जप केला. मग माझा फोन नेला. “आई, तिच्याशी बोलून तुला लई धाप लागती.” चार महिने हर्षाली त्याला फोन करी, तो सांगे, “आई झोपलीय.” तेवढ्यात त्याला घरविक्रीचा कागद उरकायचा होता. मी सही दिली नाही.

४. सून अश्विनी हिने चोरून स्वतःचा फोन माझ्या कानाला लावला. माझ्या पाटल्या तिला. गोरखने त्यांना हात लावू नये.

५. देव्हारा व समई हर्षालीला. अग्नीही तीच देईल. ती पोचेपर्यंत थांबावं. गोरखला घाई असली तरी.

६. गोरखला माझा तोच फोन, अश्विनीने मला परत आणून दिलेला, चार्जरसह. त्यात बहिणीचा एकच नंबर ठेवला आहे. या घराचा उंबरा ओलांडायचा तर आधी त्यावर विचारायचं. ती झोपली असेल, तर बाहेर थांबायचं.

सही: लंकाबाई कुंडलिक घोलप
घोडेगाव, १६ जून २०२५

लंकाबाईंनी आमच्यासमोर स्वतः वाचून सही केली:
१. चिमाबाई गेणू लोहकरे, शेजारी
२. चांदमल ओसवाल, किराणा दुकानदार