विजेच्या लाइनकडे झुकलेला पाइप

बुधवार, संध्याकाळ. कर्जत.

आज दादाच्या हॅम रेडिओची अँटेना गच्चीवर उभी करत होतो. ॲल्युमिनियमचा पाइप इतका हलका, की मी एकटाच धरून होतो. वारा आला आणि प्लॅस्टिकचा क्लॅम्प तडकला. पाइप विजेच्या लाइनकडे झुकला. वीतभर अंतर राहिलं असेल. की त्याहून कमी?

वहिनी खालून ओरडल्या, "भावजी, सोडा तो पाइप!" माझी बोटं सुटेनात. शेवटी दादानंच पाइपाला बांधलेली दोरी ओढून तो मागे आणला. वर हसत म्हणाला, "काय झालं का? न्हाई ना? उद्या लोखंडी क्लॅम्प आनू, हितंच उभा करू."

वीतभर अंतर. मी नको म्हणावं म्हणून वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हणालो, "बरं."