तांबडीचं गाऱ्हानं

माघ व. १२

आमची तांबडी गाय भरली हाय. आय म्हनते दोन-चार दिसांत वितेल. बाची बंदरावरची हमाली कधी हाय कधी नाय, दूध सुरू झालं की चूल तरी धड पेटंल.

शेजारच्या भागाकाकीचा बारका पोर बाळ्या आला व्हता. त्याचा हात धरून तांबडीच्या पोटावर ठेवला. आतनं लाथ बसली तसा पोरगा किंचाळला, "ठकूताई, आत कोण आहे?" लय हसलो दोघं.

काकी पडवीतनं म्हनाली, "शहरात कोण गं गाय ठेवतं? वास येतो घरात." मी बोलतच नाय कुनाशी. पोलादपूरला तिसरीपतुर शाळा केली, मास्तर मुकी म्हनायचे.

माघ अमावास्या

गावात छबिन्याची, देवाच्या जत्रेची, गडबड. वीरेश्वराच्या देवळाम्होरं लाकडी पाळना उभा ऱ्हायला, सोडावाले आले. गावोगावच्या पालख्या येनार, आमच्या वाडीची वाघजाई पन. दसऱ्याला डोंगर उतरून हितं म्हाडात आलो, तवापासनं तिची भेट नाय.

आय म्हनाली, मी नाय यायची, गाय कुनावर टाकू? तर काकी आपनहून म्हनाली, "जा गं तिघंही. माझे गुडघे दुखतात, मी कुठे जातेय? कंदील घेऊन बसते गोठ्यात."

बा तिच्या पाया पडायचा तेवढा बाकी ऱ्हायला.

फागुन शु. ४, सकाळ

काल रातचं लिवते. सगळं लिवनार.

किती गॅसबत्त्या! रातीचं असं दिसतं मला ठावंच नव्हतं. बानं सोडा पाजला, गोटी दाबली तशी फुस्स करून आयच्या लुगड्यावर. आय रागवायच्या जागी हसत सुटली. गुळाचं खाजं घेतलं. बा म्हनाला, "आता आपन म्हाडकर!" डोंगर सोडल्यापासनं त्याला असा हसताना बघितला नव्हता. मंग आमच्या ढोलाचा ठेका आला. शंभर ढोलांत बी वळखू आला असता. वाघजाईची पालखी नाचत आली, वाडीची सगळी मानसं. म्हातारा भिवा गुरव म्हनतो, "काय गो ठके, वाट चुकलीस का डोंगराची?" रडायलाच आलं. बरं वाटून.

मंग पाळन्यात बसले. एकदम वर गेले तर खाली बांगडीवाल्यापाशी काकी. बाळ्या कडंवर, हातात खाजं. हात पुढं करून बांगड्या भरून घेत व्हती.

पाळना खाली यायला किती वेळ लागतो.

बा धावत म्होरं गेला, आमी मागनं. गोठ्यात काळोख. कंदील व्हताच नाय. तांबडी वासराला चाटत व्हती. पाडी. नाकातोंडावरचा पडदा तसाच. बा म्हनाला, अंग ऊन हाय अजून. कुनी नुसतं बोटानं नाक मोकळं केलं असतं.

बास.

तीच तारीख, दुपार

ती सकाळी आली. आयनं इचारलं, काकी, असं का केलंत? तर म्हनते, "जरा दर्शनाला गेले तर काय झालं? गुरंच सांभाळायची तर डोंगरातच राहायचं होतं. शहरात माणसं जत्रेला जातात."

ती नव्या बांगड्या वाजवत गेली.

हिचं नाव पुरं लिवायचं नाय आता. भा. बास.

वाघजाईची पालखी परत डोंगराकडं निघायच्या टायमाला गेले. एकलीच. भिवा गुरव इचारत व्हता, "कुनाचं काय गाऱ्हानं?" वाडीची सगळी मानसं, म्हाडची बी. पन बोलले. मोठ्यानं बोलले. भा.चं पुरं नाव घेतलं. म्हनले, "आय वाघजाई, हिनं राखते म्हनून सांगितलंन आन जत्रेला गेली. आमची पाडी गेली. तांबडीला जसं झालं तसं हिला कळू दे."

गुरवानं माझ्याकडं बघितलं. मंग त्यानं तेच पुन्यांदा सांगितलं देवीला, आन सगळे म्हनले, "व्हय म्हाराजा!"

केवढा आवाज. माझ्यासाठी. अजून कानात हाय.

फागुन शु. ६

तांबडी दूध देत नाय. बानं पाडीच्या कातड्यात पेंढा भरून ते म्होरं ठेवलं. हुंगलं आन तोंड फिरवलं. रातभर हंबरते. भा.ला ऐकू जात असंल. जाऊ दे. झोप नको लागू दे.

नळावर बाया तिच्याशी बोलत नायत. कुनीतरी तिला सांगितलंन, तुझं नाव देवीवर घातलंय. हसली म्हनं. हस.

फागुन शु. ८

बाळ्याला ताप.

फागुन शु. ९

ताप उतरत नाय. डाक्तर येऊन बाटली देऊन गेला. भा. हसत नाय आता. मी पडवीत बसून बघते तिच्या दाराकडं. कंदील जळतो रातभर. आता बरा जळतो.

आय म्हनाली, "ठके, मागं घे गो. पोर हाय ते." बा म्हनाला, "देवीनं ऐकलंन, आता आपन कोन मधी?" दोघं भांडली.

मी बाळ्याचं नाव घेतलं नव्हतं. खरंच नव्हतं घेतलं. पन तांबडीला झालं तसं, असं म्हनले, म्हंजी काय म्हनले मी? तवा इचार नाय आला. आता येतो.

तांबडी हंबरली की इचार जातो.

फागुन शु. १०

भा. दारात आली. केस इंचरलेले नाय, कुंकू नाय धड. आयचे पाय धरायला वाकली. आय म्हनाली, माझे नको, हिचे. मी मागं सरकले.

"ठकू, काय पाहिजे ते सांग गं. मागे घे."

म्हनले, "हितनं मागं घेता येत नाय. देवी वर हाय. तुमी चला. चालत. काय केलंत ते वाडीम्होरं तुमच्या तोंडानं सांगा."

"मी? त्या डोंगरात?"

"आमाला तिथंच ऱ्हायाला सांगत व्हता ना."

तिच्याशी एवढं कधीच बोलले नव्हते. गोड लागलं. अजून लागतंय.

रातच्याला आयनं सांगितलं ते मला ठाव नव्हतं. नुसतं तोंडानं मागं घेऊन चालत नाय. गुरव पयलं इचारतो, राग गेला काय? देवीम्होरं खोटं बोललं तर गाऱ्हानं उलटतं. बोलनाऱ्याच्या घरावर.

फागुन शु. ११, पोलादपूर

बाळ्या आयपाशी हाय. निघताना त्याच्या कपाळाला हात लावला, चटका बसला. त्यानं डोळं उघडलं नायत.

हितं धर्मशाळेत जरा टेकलो. भा.च्या पायाला फोड आलेत. चपला काढून हातात घेतल्यान. वाटंत दोनदा पडली, मी हात दिला नाय. पानी मागितलंन, म्हनले वर झरा हाय. हितं बी विहीर हाय, ती दावली नाय.

आता म्हनते, "ठकू, मी सगळं सांगीन. गेले होते, बांगड्या भरल्या, सगळं. पण तू मागे घेशील ना गं? राग गेला म्हणशील ना?"

बघते आत, राग गेला का म्हनून. तिच्या फोडांकडं बघितलं की बरं वाटतं. म्हंजी हाय अजून.

म्होरं नुसता चढ हाय. वाडीत पोचायला दिवस मावळंल. भिवा गुरव इचारंल. भा. उठली, लंगडत पुढं झाली, मी सांगायच्या आदीच. वाट ठाव नाय तिला, तरी चाललीय.

जाते मागनं.