कुत्रं कुणाचं होतं

आई, तू गेल्याला बरीच वर्षं झाली. आज एक मित्र सांगत होता, त्याच्या पुतणीला शेजाऱ्याचं कुत्रं चावलं म्हणून तो दावा लावणार आहे. मी म्हटलं, लाव, पण साक्षीला तिच्या आईला नेऊ नकोस. तो हसला. माझ्याकडून लोकांना असल्या विनोदाचीच अपेक्षा असते.

सदुसष्ट-अडुसष्ट साल असेल, मी तिसरीत. वेल्ह्यात शाळेच्या वाटेवर दुकानदाराच्या काळ्या कुत्र्याने माझी पोटरी फोडली. भोरच्या दवाखान्यात पोटात सुया टोचत होते, मी किंचाळत होतो, आणि तू मला दाबून धरून डॉक्टरला विचारत होतीस, "सायेब, कुत्र्याला बी टोचाय लागंल का?" त्यानंतर मी शाळेचं नाव घेईना, कारण वाट त्याच दुकानावरून. आबांनी दुकानदाराला एवढंच सांगितलं, कुत्रं बांध. तो म्हणाला, "माजं कुठाय? गावाचं हाय." त्याच्याच पायरीवर झोपणारं, त्याच्याच हाकेला उठणारं. आबांमधला बाप हट्टाला पेटला आणि भोरच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लागला. भरपाईचं त्यांना फारसं नव्हतं. कुत्रं दुकानदाराचं ठरलं की तो ते बांधेल आणि पोरगं शाळेत जाईल, इतका साधा विचार.

कोर्टात मी पोटरी दाखवली. न्यायाधीश जरा हळहळलेही. मग तू पिंजऱ्यात उभी राहतेस, पदर सावरतेस. दुकानदाराचा वकील अगदी गोड आवाजात विचारतो, "बाई, त्या कुत्र्याला खायला कोण घालतं?"

"दुकानदार घालतो की."

आपला वकील मान डोलावतो.

"अजून कोण?"

"आमी बी घालतो."

"कधीमधी?"

"रोज सांजंला. आदी त्याची चतकोर, मंग आमी जेवतो."

"मुलाला चावल्यावरसुद्धा?"

"व्हय. दारात आल्यालं जनावर उपाशी कसं घालवावं?"

आपला वकील डोक्याला हात लावून बसला. कुत्रं दुकानदाराचंच आहे असं काही सिद्ध झालं नाही, दावा फेटाळला गेला. खाऊ घालण्यावरून मालक ठरवायचा तर आपणच आपल्यावर दावा लावला होता.

परतीच्या एसटीत तू म्हणालीस, "मंग काय खोटं बोलू?"

"खोटं नगं," आबा म्हणाले. "पर त्यानं चतकोर मागितली, तू समदी दुरडी वाढलीस."

त्या सांजेला कुत्रं दारात आलंच, आणि तू भाकरी टाकलीस. मी थयथयाट केला. तू शांतपणे म्हणालीस, "दावा दुकानदारावर व्हता. कुत्र्यावर न्हवता." दुसऱ्या दिवसापासून हाताला धरून मला शाळेत सोडू लागलीस, शेतातलं काम टाकून, चौथी संपेपर्यंत. कुत्रं मोकळंच राहिलं.

लोकांना ही गोष्ट मी तुझ्या खरेपणाची म्हणून सांगतो. ऐकणारे माना डोलावतात, एखादीचे डोळेही भरून येतात. हे पत्र काही मी कुठे टाकणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही: त्या दिवशी तू खोटं बोलायला हवं होतंस, असं मला अजून वाटतं. एकदाच, माझ्यासाठी.