फिलोमेनाच्या नावाने

१९ ऑक्टोबर १९३४

पोचले एकदाची. स्प्लिट बंदरातून निघालेली बोट दुपारी बेटाला लागली. समुद्र इतका शांत की मलासुद्धा मळमळलं नाही. धक्क्यावर बेपो नावाच्या म्हाताऱ्या हमालाने पेटी खांद्यावर घेतली आणि कुणाकडे म्हणून विचारलं. दिंकाबाईंकडे म्हटल्यावर हसला. त्या बाईच्या जिभेला घाबरून याआधी दोघी पळाल्यात म्हणे. मी म्हटलं, शाळेत पोरं हाकण्यात जन्म गेलाय माझा, मला जिभेची भीती घालू नका. शाळेने काढून टाकलं, ते मात्र सांगितलं नाही.

घर गावाबाहेर, द्राक्षमळ्यांच्या वर. दगडी, दुमजली. माझी खोली खाली, स्वयंपाकघराला लागून. खिडकीशी कण्हेर आहे आणि तिच्या फांद्यांतून समुद्राची निळी चिंधी दिसते. दिंकाबाई साठीच्या. काळे कपडे, पण इथे त्यांच्या वयाच्या सगळ्याच काळे घालतात. वसंतात झटका आल्यापासून उजवा हात थरथरतो. जेवायला तळलेले मासे, बटाटे घातलेली पालेभाजी आणि पाणी मिसळलेली वाइन. जेवणानंतर त्यांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली, अक्षर बराच वेळ न्याहाळलं आणि चालेल म्हणाल्या. वर त्यांच्या नवऱ्याची, येरोलिम यांची चित्रशाळा आहे. ते कुणाला भेटत नाहीत, वर जायचं नाही. नाही तर नाही. कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले.

२१ ऑक्टोबर

काम कळलं. असलं काम जगात कुणी करत असेल असं वाटलं नव्हतं.

येरोलिमना तरुणपणी फिलोमेना नावाची मुलगी आवडायची. ती बापाबरोबर चिलीला गेली. यांनी दिंकाबाईंशी लग्न केलं, पण पत्रं लिहायची ती तिलाच. पत्र बंद करून बायकोच्या हातात द्यायचे, टपालात टाक म्हणून. बायकोला वाचता येत नाही अशी त्यांची पक्की समजूत. वाचता यायचं. पहिलं पत्र बाईंनी लग्नानंतरच्या महिन्यातच फोडलं. फिलोमेना तिकडे तापाने गेली, हे त्यांना चिलीतल्या काकांकडून कळलं होतं. नवऱ्याला कळलं नव्हतं. उत्तर येईना म्हणून त्याने खाणं सोडलं, कुंचला सोडला. तेव्हा दिंकाबाईंनीच तिच्या नावाने उत्तर लिहिलं. मग लिहीतच राहिल्या, जन्मभर. आता हात चालत नाही, म्हणून मी.

आजचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. 'दिंका सकाळी पुन्हा दारात उभी होती, माशाच्या वासाचे हात घेऊन. मी डोळे मिटले आणि तुझे हात आठवले.' मी वाचत असताना बाई शांतपणे मासे साफ करत होत्या. मग सुरी खाली ठेवून मला उत्तर सांगितलं. इतकं गोड, इतकं हळवं उत्तर मी आजवर ऐकलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर

पत्र रोज येतं. दुपारच्या झोपेनंतर बाई जिन्यावरून घेऊन येतात. चिलीहून रोज उत्तर कसं येईल म्हणून विचारलं, तर म्हणतात त्याला आता दिवसांचं भान राहिलेलं नाही. चित्रांचा जाड कागद, रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास, शाई कधीकधी ओली. माणूस क्रूर आहे, पण लिहितो काय सुंदर! संध्याकाळी समुद्र कसा जांभळा पडतो यावर त्याने पानभर लिहिलं आहे आणि मी ते पान परत परत वाचलं.

मला आजवर कुणी पत्र लिहिलेलं नाही. नोकरीवरून काढल्याचं तेवढं लिहिलं होतं.

बाई आज थकल्या होत्या, तूच लिही म्हणाल्या. मी लिहिलं. शेवटी माझ्या मनातलं एक वाक्य घातलं: 'माझ्या खिडकीतली कण्हेर अजून फुलते आहे, तिच्याआडून समुद्र दिसतो.'

२७ ऑक्टोबर

तो खुळावला आहे. आजच्या पत्रात समुद्र नाही, चित्रं नाहीत, सगळी कण्हेरच. तुझं अक्षर बदललं आहे, लिहितो, तरुण झालं आहे. अशी कण्हेर मला माहीत आहे. कुठे आहे ती?

बाईंनी हे पत्र वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओरडतील असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, की पत्रात आपलं काही घालायचं नाही. मला वाटलं जळतात. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

दुपारी वर पावलं वाजली. अनवाणी. जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबली.

२ नोव्हेंबर

आज मृतात्म्यांचा दिवस. अख्खं गाव शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत. बाईंना चढ झेपत नाही, म्हणून त्यांच्या घराण्याच्या थडग्यासाठी फुलं घेऊन मी गेले. दगड शोधला. सर्वांत खाली नवं कोरलेलं नाव होतं.

येरोलिम. एप्रिलात वारले. याच वर्षी.

बेपो शेजारच्या थडग्याशी मेणबत्ती लावत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, खांदा मीच दिला की. तुम्हाला सांगितलं नाही होय बाईंनी?

घरी आले. बाई भाजी निवडत होत्या. मी विचारलं, मग ही पत्रं कोण लिहितं. त्यांनी मान वर केली नाही.

"तोच. मेला म्हणून लिहायचा थांबला नाही. पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, तर खाली आला. माझा हात झटक्याने गेला असं वाटतं तुला?"

त्यांनी बाही वर केली. दंडावर बोटं उमटली आहेत. जुन्या शाईच्या रंगाची.

मी म्हटलं, घर सोडा. सोडून पाहिलं म्हणाल्या, बहिणीकडे उशीखाली पत्र आलं. फिलोमेना दूर आहे असं वाटतं तोवर तो वर बसून राहतो.

"दूरच्या माणसावरच त्याचा जीव जडतो, येल्का. जवळ आलेल्याचं तो काय करतो ते मला विचार. आणि तू त्याला आमची कण्हेर दाखवलीस."

४ नोव्हेंबर

दक्षिणेचा वारा सुरू झाला आहे. दमट, जड. बोट येणार नाही. बेपो म्हणतो, वारा पडेपर्यंत कुणी कुठे जात नाही.

आजचं पत्र जिन्याच्या खालच्या पायरीवर होतं. काल मधल्या पायरीवर. 'तू दूर नाहीस. खाली तुझी लेखणी कुरकुरते ती मला ऐकू येते.'

बाईंनी सांगितलेलं उत्तर लिहिलं. मी चिलीत आहे, समुद्रापार आहे, वाट पाहा. तो आता फसत नाही.

६ नोव्हेंबर

मला संताप आला. भीतीपेक्षा संताप. त्या बाईने त्याला जन्मभर जेवू घातलं, आणि हा मेल्यावरही तिला मोलकरीण समजतो. बाई झोपल्या असताना मी खरं लिहून टाकलं. 'फिलोमेना तुमच्या लग्नाआधीच मेली. ज्या पत्रांवर तुम्ही जगलात ती तुमच्या बायकोची होती. तिला वाचता येतं. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलेला शब्दन् शब्द तिने वाचला आहे.'

पायरीवर ठेवलं.

वाटलं, लाज वाटेल. लाज वाटून तरी जाईल.

७ नोव्हेंबर

सकाळभर वर काही नाही. पाऊल नाही. मी देवाचे आभार मानले.

जेवायच्या वेळेला पत्र. पहिल्यांदाच नाव वेगळं. 'दिंका, वर ये.' बस, एवढंच.

काल काय लिहिलं ते मी बाईंना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. कागद कितीतरी वेळ हातात धरून बसल्या. मग केस विंचरले, डाव्या हाताने, वेळ लागला. लग्नातली कर्णफुलं घातली. मी वाट अडवली, जाऊ नका म्हणून हात धरला. त्यांनी तो सोडवला.

"चित्रशाळेत मला त्यानं कधी पाय ठेवू दिला नव्हता," म्हणाल्या. चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता.

भर दुपारी वर गेल्या. दार लागलं.

मी जिन्याखाली उभी. त्यांचं हसणं ऐकू आलं. एकदाच. मग कागद फाटल्याचा आवाज – पुष्कळ कागद –

८ नोव्हेंबर

खुर्चीत होत्या. डोळे उघडे. तोंडात कागद कोंबलेले, घशापर्यंत. डॉक्टरने चिमट्याने काढले. त्यांचीच उत्तरं. जन्मभराची. 'माझ्या जिवा', 'मी तुझीच' – एकेक तुकडा ओला.

डॉक्टर म्हणतो, झटका आला की माणूस काहीही करतो.

मी मारलं त्यांना. कळवळून मारलं.

१० नोव्हेंबर

पुरलं. त्याच थडग्यात, त्याच्या शेजारी. मी नको म्हणत होते, कुणी ऐकलं नाही. वारा तसाच. पाद्रीबाबांनी त्यांच्या घरी खोली दिली, दाराला आतून कडी आहे.

दुपारी डोळा लागला. उठले तर उशीवर पत्र.

'कण्हेरीचं वाक्य तुझं होतं. ते एकच खरं होतं.'

आणि मला – लिहू नये, पण – क्षणभर आनंद झाला.

११ नोव्हेंबर

कडी लावलेलीच. खोलीत जवसाचं तेल. पाद्रीबाबांना वास येत नाही. ते पलीकडच्या गावात आजाऱ्याकडे गेलेत, संध्याकाळी येतील. बाबा, लवकर या.

पत्र: 'लिहीत राहा. लेखणी चालते तोवर मी ऐकत बसतो. थांबलीस की येतो.'

थांबून पाहिलं. जमिनीची फळी वाजली. पुन्हा लिहायला लागले, तशी ती गप्प.

१२ नोव्हेंबर

कालपासून लिहितेय. बाबा आले नाहीत, वाऱ्याने वाट बंद झाली असावी. बोटं सुजली. काय लिहायचं ते संपलं. प्रार्थना लिहिल्या, शाळेतल्या पोरांची नावं लिहिली –

डोळे मिटले. पेंगले वाटतं. फळी वाजली, अगदी –

आता त्यालाच लिहिते. येरोलिम, मी इथे नाही. ऐका. मी दूर आहे. तुमच्या माझ्यामध्ये समुद्र आहे, बोट महिनोन्‌महिने चालते, इथे दुसरे तारे आहेत. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. पाहूही नका. दूर आहे म्हणून मी चांगली आहे, जवळून मी साधी बाई आहे, माशाच्या वासाच्या हातांची –

खुर्चीच्या पाठीवर हात –

नाही. कुणी नाही. मी दूर आहे. फार दूर आहे. मी