एकाच हाताचा हातमोजा

अब्बा, मी कुवेतमध्ये आहे. तुम्ही उमेदीची सगळी वर्षं जिथे काढलीत तिथे मी सत्तरीनंतर आलो, तेही सालमियाला मुलाकडे पाहुणा म्हणून. अमेरिकन साहेबांचा तो क्लब, जिथे तुम्ही कॉफी द्यायचात, तो दाखव म्हणालो तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते सगळं कधीच पाडलं."

तुमची पत्रं मात्र अजून पाठ आहेत. सुट्टीच्या दिवशी साहेबलोक वाळूत चुन्याच्या रेघा ओढून बेसबॉल खेळतात, चेंडू हरवला की बड्या साहेबासकट सगळे वाकून शोधतात. क्लबातल्या पेटीत नाणं टाकलं की गाणं लागतं आणि मडमा जागच्या जागी कंबर अशी पिळतात, जसं आपल्याकडे धुणं पिळतात. अम्मीला वाचता येत नव्हतं. पत्र मी वाचायचो, आणि मडमांचं तेवढं गाळायचो.

मग तो हातमोजा आला. कुवेतहून कुणी परतलं की आपल्या अंगणात पेटी उघडून ज्याची वस्तू त्याला सगळ्यांदेखत द्यायचा, ही आपल्या मोहल्ल्याची रीत. तुमच्याच खोलीत राहणारे एक दोस्त त्या वर्षी आले होते. त्यांनी पिवळट चामड्याचा, फुगलेला एक हातमोजा अम्मीच्या हातात ठेवला. तिने उलटसुलट करून विचारलं, "भाई, ह्याची जोडी कुठं हाय?" ते म्हणाले, "भाभी, माझ्याकडे एवढाच दिला." मी क्रिकेटमधल्या विकेटकीपरचे हातमोजे पाहिले होते. अकरा वर्षांचा शहाणा मी! सगळ्यांसमोर म्हणालो, "दोन असतात. एक ह्यांनी काढून घेतलाय." त्यांनी अल्लाची शपथ घेतली. लोक मात्र एकेक करून उठून गेले.

महिन्याभराने तुमचं पत्र आलं. अम्मी भाकऱ्या थापत होती, मी चुलीपाशी बसून वाचत होतो. 'हातमोजा डाव्या हातात घालायचा, उजवा फेकायला मोकळा. तो एकच असतो, दुसरा शोधू नका.' ही ओळ मी गिळली आणि पुढे वाचू लागलो. तोवर मोहल्ल्यात माझी हुशारी सांगितली जात होती, ती मला सोडवेना.

ते कुवेतला परतले आणि तुमची खोली सोडून गेले. 'काय बिनसलं, बोलतच नाही,' असं तुम्ही लिहिलंत. घरी आल्यावर दोनदा मलाच विचारलंत. तुमची मयत उचलली तेव्हा ते गावातच होते, पण खांदा द्यायला आले नाहीत. त्याचा दोष आजवर सगळे त्यांनाच देतात.

गेल्या आठवड्यात जाब्रियाच्या दवाखान्यात रक्तदाब तपासताना नर्सने गाव विचारलं. तुमच्या त्या दोस्तांची मुलगी निघाली, अब्बा. तुमचं नाव ऐकून तिचा हात थांबला. म्हणाली, "चाचा, आमचे बाबा शेवटी सारखे एकच बोलायचे, मी चोरलं नाय, मी चोरलं नाय. काय, ते आम्हाला कधी कळलंच नाय. तुम्हाला काय ठाऊक हाय?"

मी म्हणालो, "नाही."

तिने मान हलवली, आकडा लिहिला आणि म्हणाली, "खूप वाढलाय. गुरुवारी परत या, मीच असेन."

आज गुरुवार. मला आता बरं वाटतंय, जाब्रियाला जायला नको, असं मी मुलाला सकाळीच सांगून टाकलं. बरं वाटत नाहीये, अब्बा.