दादाच्या त्रेचाळीस पायऱ्या

सोमवार, ४ मार्च
पुन्हा एक! आठव्या पायरीखाली आईची टीप येते – ‘पाणी कोमटच हवं’ – आणि कॉम्प्युटरवरची यादी निर्लज्जपणे परत एकपासून सुरू. दुपारपासून डोकं धरून बसलेय.

पुढच्या सोमवारी आईचं ऑपरेशन. दहा दिवस दादा माझ्या हवाली. चौतीस वर्षांत ती त्याला एक दिवसही सोडून राहिलेली नाही. तो बोलत नाही, आणि रोजचा क्रम चुकला की भिंतीवर डोकं आपटतो. म्हणून तिने त्याचा अख्खा दिवस वहीत लिहून दिलाय, मी तो टाइप करून छापणार. चव्वेचाळीस पायऱ्या! ‘छापखान्यात पुस्तकांची पानं लावते मी, हे काय अवघड?’ अशी मिजास मारली होती. आता भोगा.

मंगळवार, ५ मार्च
आकडे हातानेच टाकले. सुटले एकदाची!

बुधवार, ६ मार्च
कसली सुटतेय! आई म्हणाली, “पाचवी काढ गं, टॉवेल तो स्वतः घेतो हल्ली.” काढली. पुढचे सगळे आकडे चुकले.

गुरुवार, ७ मार्च
नाक मुठीत धरून हवालदाराकडे गेले. छापखान्यातला सगळ्यात जुना माणूस, सगळ्यांच्या चुका पकडतो म्हणून हे नाव. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “टीप लिहायला तू यादी बंद करतेस, मग पुन्हा उघडतेस. कॉम्प्युटरला ती नवीनच वाटणार ना! टीप पायरीच्या पोटातच ठेव. आणि मोजायचं काम त्याचं, तू कशाला करतेस?”

मग विचारलं, “कुणाचं पुस्तक?” सांगितलं. डबा तसाच ठेवून माझ्या शेजारी बसला, सगळ्या टिपा आत घेतल्या. “आकडे मोठे कर. लांबून दिसले पाहिजेत.” किती भला माणूस! आणि मी त्याला इतकी वर्षं टाळत होते.

रविवार, १० मार्च
बॅग भरता भरता आईने पानं दोनदा वाचली. “एकही इकडची तिकडे नाही गं.” माझा हात धरून बसून राहिली. दोघीही रडलो. मग पानं भिंतीवर चिकटवली.

मंगळवार, १२ मार्च
ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांचे, नर्सचे, सगळ्यांचे उपकार!

सकाळी घाईत मी आठवरून थेट दहावर गेले. दादा शर्ट घालेना. मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि नऊवर बोट ठेवलं – ‘खिडकी उघडायची’.

“वीस कुठाय रे?” बोट वीसवर. “एकतीस?” एकतीसवर!

दादाला आकडे येतात. चौतीस वर्षांत आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.