डोमाजीची कंबर

४ ऑक्टो. ७९, आंधळगाव
दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत होणाऱ्या दंडारीची, आमच्या नाचगाण्याच्या खेळाची, तालीम सुरू. राणीचं सोंग यंदाही डोमाजीच घेणार म्हणतो. मागे वाकून जमिनीवरचा रुमाल दातांनी उचलायचा, लोक त्यासाठीच यायचे. दोन वर्षं टाळतोय. कंबरेचं लाकूड झालंय. मंडळाला आता नागपूरहून बाई आणायची आहे. मलाही. पण सांगायचं कोणी? मास्तरनेच.

९ ऑक्टो.
सातवीला शब्दार्थ. लवचीक म्हणजे? पोरं म्हणाली, वाकणारं. म्हटलं, वाकते तर तुमची मानही. बांबूची ओली काडी वाकवून सोडली. सपकन सरळ. वाकून परत येतं ते लवचीक. पहिल्या बाकावरच्याच्या कानाला लागली. तो आता अर्थ विसरायचा नाही.

१२ ऑक्टो.
डो.ला सांगितलं. तोंड उतरलं.
"बाई कायले, गुर्जी? मी आजबी लवतो."
म्हटलं, रुमाल उचल, राणी तुझी. जमणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच म्हटलं.
उचलला की! पण वर येता येईना. पोट आभाळाकडे, तोंडात रुमाल. सगळे हसले. मी म्हणालो, "वाकला, पण लवचीक नाही." आणखी हसले. रुमाल गळाला तेव्हा कळलं, तो मघापासून "उचला मले" म्हणत होता.

१९ ऑक्टो.
डो.ची बायको सखू शाळेत आली. हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलेलं आणि हा खाटेवर.
"चप्पल घालता येत नाही त्याले. काहून वाकवलं तुमी?"
पोरांदेखत जाब. संताप आला. म्हटलं, त्यालाच हौस होती.

२६ ऑक्टो., मंडई
बाई आली नाही. ताप म्हणे. मंडपात लोक राणी राणी ओरडतायत. साडी पिशवीत घालून डो.कडे गेलो. कंबरेला धोतर आवळून बसलेला.
"बाई नाई आली नं?" मी पिशवी पाठीमागे धरली. "साडी आनली का?"
सखू दारात आडवी उभी राहिली. तो तिला बाजूला सारून आला.

दुपार. पडद्यामागे लिहितोय. डो. गातोय, ताठ उभा राहून. बजावलंय, वाकायचं नाही. गळा अजून गोड आहे, मेल्याचा.
आत्ता लोकांतून कोणीतरी रुमाल फेकला. त्याच्या पायाशी पडलाय. गाणं थांबलं. पडदेवाला दोरी धरून माझ्याकडे पाहतोय, पाडू का म्हणून.
म्हटलं, थांब जरा.